हात अचानक बळ सोडतो, रिपोर्ट सगळे नॉर्मल. अशा वेळी कसं सांभाळता?

चौथीच्या_बाई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, वय ४३. गेल्या आठ महिन्यांत तीनदा माझा उजवा हात अचानक गेला. गेला म्हणजे दुखत नाही की आखडत नाही, नुसतं बळ जातं. पहिल्यांदा ऑगस्टमध्ये. फळ्यावर भागाकाराचं उदाहरण सोडवत होते, वरचा अंक खाली उतरवला आणि हातातून खडू सुटला. उचलायला वाकले तर बोटं खडूभोवती मिटेचनात. खडू दिसतोय, हात तिथपर्यंत पोचतोय, पण चिमूट होत नाही. पुढच्या रांगेतली एक पोरगी म्हणाली, "बाई, तुमच्या हाताला झोप लागली का?" वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप बरा झाला, मी पुढचं उदाहरण घेतलं आणि घरी कुणाला सांगितलंही नाही.

दुसऱ्यांदा दिवाळीच्या आधी, चकल्या पाडताना सोऱ्या दाबवेना. तेव्हा जवळजवळ दोन तास हात तसाच होता. त्या दिवशी डोकंही ठणकत होतं पण सणाचं काम म्हटल्यावर ते दुखणारच. तिसऱ्यांदा फेब्रुवारीत शाळेतून परत येताना, स्कूटीवर. ॲक्सिलरेटर पिरगळायला जोर लागेना, गाडी आपोआप हळू झाली म्हणून वाचले, रस्त्याच्या कडेला उभी करून बसून राहिले.

यानंतर सगळ्या तपासण्या झाल्या. एमआरआय, मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, हृदयाचा टूडी इको, शुगर, थायरॉइड, बी-१२, सगळं नॉर्मल. जिथे दाखवलं तिथल्या डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून विचारलं, "घरी काही टेन्शन आहे का?" आणि झोपेची गोळी लिहून दिली. सासूबाई म्हणतात अंगावरून वारं जाता जाता वाचलं, त्यांनी तीनदा दृष्ट काढली.

मला इथे निदान नकोय. मला एवढंच विचारायचंय की कारण कळेपर्यंत माणसाने जगायचं कसं? स्कूटी चालवायची का, मुख्याध्यापकांना सांगायचं का, आणि रात्री झोपताना "उद्या हात असेल का" ही भीती वाटते तिचं काय करायचं?

शेवगा
बाई, वाचूनच पोटात गोळा आला. स्कूटी आधी बंद. बाकीचं जाणकार सांगतीलच.

कृष्णाकाठचा
ताई, तुम्हाला घाबरवायचं नाही पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१६ साली आमच्या अण्णांचं असंच झालं. सकाळी म्हशीची धार काढून उठले आणि डाव्या हातातली दुधाची कळशी सुटली. गोठ्यात सगळीकडे दूध. हात लोंबत होता, तोंडाने नीट बोलत होते. दहा मिनिटांनी हात चांगला, म्हणाले ओझ्याने मुंग्या आल्या असतील. आईने दळणाचं पीठ चाळता चाळता विचारलं, दवाखान्यात जायचं का, तर म्हणाले ऊस तोडायला टोळी आलीय, आज कुठे जायचं. संध्याकाळी गावातल्या दवाखान्यात बीपी बघितलं, वाढलं होतं, गोळी दिली, घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे पूर्ण डावी बाजू गेली. आज आठ पावलं काठीने टाकतात.

पुढे मोठ्या दवाखान्यात कळलं की ती दहा मिनिटं म्हणजे इशारा होता. टीआयए म्हणतात. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, सुटली. दहा मिनिटांत बरं झालं म्हणून आम्हाला आनंद झाला होता, तो आनंद अजून सलतो मला. तुम्ही तपासण्या केल्यात हे फार चांगलं केलंत, पण पुन्हा झालं तर फळा सोडून तडक दवाखाना.

वाडीकर_काका
आमच्या वहिनींना असंच व्हायचं. महानारायण तेलाने रोज सकाळी मालिश, वर गरम पाण्याचा शेक, एकवीस दिवसांत हात मोकळा. आमच्या गावाकडे लोक कबुतराचं रक्तसुद्धा चोळतात, तसलं काही मी सांगणार नाही, पण तेलाने नुकसान काहीच नाही. करून बघा.

लोकलची_खिडकी
काका, तेलाने नुकसान नाही हे खरं, पण हात गेलेला असताना तेल चोळत बसण्यात जो वेळ जातो त्याचं काय? कृष्णाकाठचा यांचा प्रतिसाद वर आहे, तो वाचा.

वाडीकर_काका
वाचला. बरोबर आहे तुमचं. हात बरा असताना मालिश, गेलेला असताना दवाखाना, असं लिहायला हवं होतं मी.

मेंदूचा_माळी
मी न्यूरॉलॉजीत काम करतो. धाग्यावर निदान करता येत नाही आणि करूही नये, पण बाई, डॉक्टरांकडे जाताना काय सांगायचं हे मात्र सांगतो, कारण या तक्रारीत यंत्रापेक्षा पेशंटची गोष्ट जास्त कामाला येते.

पहिलं, हात एका क्षणात गेला की हळूहळू? गुठळीने होतं तेव्हा दिव्याचं बटण बंद केल्यासारखं सगळं एकदम जातं आणि बहुतेकदा काही मिनिटांत परत येतं. अर्धशिशीत ते सरकत जातं, बोटांत मुंग्या, मग मनगट, मग कोपर, कधी ओठ, असं पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत. फिटमध्येही सरकतं पण सेकंदांत, आणि आधी हात उडतो किंवा झटके येतात, झटके थांबल्यावर हात काही तास लुळा राहू शकतो. याला टॉडचा पक्षाघात म्हणतात, टॉड नावाच्या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात त्याचं वर्णन केलं म्हणून. दुसरं, त्या वेळी डोळ्यांपुढे काही चमकलं का, शब्द सापडत नव्हते का, तोंड वाकडं झालं का? तिसरं, मान किंवा खांद्यातून कळ होती का? मानेतली नस दबली तर दुखणं आणि मुंग्या सहसा सोबत असतात. चौथं, काय खाल्लं होतं, झोप किती झाली होती, पाळीचे दिवस होते का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. गर्भनिरोधक आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्याही सांगायच्या, बायका त्या औषधांत धरतच नाहीत.

एमआरआय नॉर्मल म्हणजे आजार नाही असं नसतं. अर्धशिशी, फिट, टीआयए, तिन्हींमध्ये दोन झटक्यांच्या मधला एमआरआय स्वच्छ येऊ शकतो. तुमचा स्कॅन झटक्यानंतर किती दिवसांनी झाला हे बघा. आणि इईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद, झालेला दिसत नाही, हृदयाचे ठोके २४ तास नोंदवणारा होल्टरही नाही. ते दोन्ही विचारून घ्या.

मेंदूचा_माळी
अजून एक राहिलं. कारण नक्की होईपर्यंत प्रत्येक नवा झटका पक्षाघात समजूनच वागायचं. माणसाला हसायला सांगा, दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक पूर्ण वाक्य बोलायला सांगा. तोंड वाकडं, एक हात खाली घसरतो, बोलणं अडखळतं, यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन आणि घड्याळात वेळ बघून ठेवायची. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. "शेवटचं नीट कधी होतात" हा प्रश्न तिथे पहिला विचारला जातो. थोड्या वेळात सगळं ठीक झालं तरी त्याच दिवशी दाखवायचं, टीआयएनंतर मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. अण्णांचं तेच झालं.

तिखट_मीठ
घरात ॲस्पिरिन ठेवा, झटका आला की चघळून टाकायची. माझ्या मित्राने हार्ट अटॅकला तसंच केलं आणि वाचला.

मेंदूचा_माळी
छातीत दुखण्याचं वेगळं, मेंदूचं वेगळं. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी केल्याशिवाय बाहेरून कळत नाही. रक्तस्राव असेल आणि तुम्ही रक्त पातळ करणारी गोळी दिलीत तर आगीत तेल. हात गेलेला असताना तोंडातून गोळी नाही, पाणी नाही, गिळायलाही त्रास असू शकतो. आधी दवाखाना.

तिखट_मीठ
हे माहीत नव्हतं. घरच्या ग्रुपवर आत्ता टाकतो.

लीड्सची_मावशी
आमच्याकडे इंग्लंडमध्ये टीआयए झाल्यावर महिनाभर गाडी चालवायची नाही असा नियमच आहे. माझ्या यजमानांना दोन वर्षांपूर्वी झाला, चहाचा मग हातातून निसटला, पाच मिनिटं बोलताना शब्द चुकत होते. मी ९९९ लावला, दुसऱ्या दिवशी स्पेशालिस्टकडे. तेव्हा गाडी बंद झाली म्हणून माणूस जास्त चिडला होता, आजाराची तेवढी चिंता नव्हती त्याला. स्कूटीबद्दल तुम्ही विचारलंय म्हणून लिहिलं. रस्त्यावर तुमच्याशिवाय दुसरेही लोक असतात बाई, शाळेतून परतायच्या वेळी तर मुलंच असतात.

सरळ_बोलतो
एवढे रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणजे टेन्शनच असणार. आजकाल सगळ्यांना सगळं होतं. मोबाईल कमी करा, सकाळी फिरायला जा, आपोआप जाईल.

हातावर_मोजून
सरळ_बोलतो, तुमच्यासारखं मलाही खूप जणांनी सांगितलं, म्हणून सविस्तर लिहिते.

मला २०१९ पासून डाव्या हाताची आणि पायाची अशीच कमजोरी येते. दोन वर्षं मी "नाटकी" होते. ऑफिसात, माहेरी, एका दवाखान्यात तर माझ्यासमोर डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, लक्ष देऊ नका, उठेल. मी बेडवर पडून ऐकत होते आणि मला खरंच उठता येत नव्हतं. तुम्हाला काय वाटतं, दोन महिन्यांच्या बाळाला एका हाताने धरून दुसरा हात लोंबकळत ठेवायची कुणाला हौस असते?

मग मुंबईत एका न्यूरॉलॉजिस्टनी मला उताणं झोपवलं, डाव्या टाचेखाली हात ठेवला आणि म्हणाले, टाच खाली दाबा. मी जीव तोडून दाबली, काहीच नाही. मग म्हणाले, ती सोडा, उजवा पाय वर उचला. मी उजवा उचलला आणि माझी डावी टाच त्यांच्या तळहातावर आपोआप जोरात दाबली गेली. मलाच जाणवली ती. त्यांनी नवऱ्याला बोलावून त्याचा हात टाचेखाली ठेवायला लावला. त्याला म्हणाले, नसा, स्नायू, रस्ता सगळा शाबूत आहे, मुद्दाम हलवायला गेल्यावर निरोप अडतो, लक्ष दुसरीकडे गेलं की पोचतो. या तपासणीला हूवरची खूण म्हणतात, १९०८ पासून ठाऊक आहे. आजाराचं नाव फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर.

नवरा घरी येईपर्यंत गाडीत गप्प होता. घरी आल्यावर म्हणाला, मी तुला उठ उठ म्हणायचो ना.

महत्त्वाचं हे की ते निदान "बाकी काही सापडलं नाही म्हणून" केलेलं नव्हतं, समोर खूण दिसली म्हणून केलं. "टेन्शन असेल" म्हणून कागद बाजूला ठेवणं आणि हे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. उपचार म्हणजे फिजिओ. ती माझ्याशी गप्पा मारता मारता अचानक चेंडू टाकायची आणि मी विचार न करता डाव्या हाताने झेलायचे. पहिल्यांदा झेलला तेव्हा दोघी रडलो. आता वर्षातून एक-दोनदा होतं, अर्ध्या तासात जातं.

सरळ_बोलतो
ताई, माफ करा. मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या बहिणीलाही असं काहीसं होतं, आणि आम्ही तिला हेच बोलतो. हा प्रतिसाद तिला पाठवू का?

हातावर_मोजून
जरूर पाठवा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.

अर्धी_भाकरी
वातावरण जड झालंय म्हणून एक. माझा हात फ्रॅक्चर होता तेव्हा आमच्या ह्यांनी दीड महिना भाकरी केली. पहिल्या आठवड्यात भारताचा नकाशा, दुसऱ्यात श्रीलंका, पाचव्या आठवड्यात पृथ्वी गोल असल्याचा पुरावा मिळाला. आता हात बरा आहे पण भाकरी तेच करतात, मी काही आठवण करून देत नाही. बाई, तुमच्याकडेही हीच संधी आहे.

शेवगा
श्रीलंका 😂😂

पुणेरी_पाऊस
मी वेगळंच सांगते, कारण यात कुणीच लिहिलं नाहीये. माझी भाची, वय २६. दोरीवर कपडे वाळत घालताना डावा हात थकून खाली यायचा, थोडं थांबलं की परत ठीक. सगळे म्हणाले अशक्तपणा, लोहाच्या गोळ्या खा. एकदा रक्तदान शिबिरात तिथल्या सिस्टरला डाव्या हाताला बीपीच लागेना. मशीन बदललं, तरी नाही. नाडीही लागेना. उजव्या हाताला व्यवस्थित. पुढे निघाला ताकायासू आर्टरायटिस, मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्या अरुंद होतात, जास्त करून तरुण बायकांना, आपल्या आशियात जास्त. स्टिरॉइड चालू आहेत, बरी आहे आता. बाई, तुमचं दोन्ही हातांचं बीपी कधी कुणी घेतलंय का? दोन मिनिटांचं काम आहे, पैसेही पडत नाहीत.

मेंदूचा_माळी
फार चांगला मुद्दा. काम केल्यावर हात थकतो आणि विसावल्यावर परत येतो, हे रक्तपुरवठ्याकडे बोट दाखवतं. संध्याकाळपर्यंत थकत जातो, पापणी खाली येते, एकाचे दोन दिसतात, असं असेल तर मायस्थेनिया, म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा आजार. बाईंचं या दोन्हींसारखं वाटत नाही, पण दोन्ही हातांचं बीपी घ्याच.

सोलापूरकर_००७
माझ्या धाकट्या भावाची गंमत ऐका, गंमत आता वाटते. लग्नात बासुंदी-पुरी दाबून खाल्ली, रात्री दोनपर्यंत नाचला, सकाळी उठायला गेला तर पाय उचलेनात, मग हातही जड. आजीने ओरडा केला की वारं गेलं. दवाखान्यात पोटॅशियम २.१ निघालं, साधारण साडेतीन ते पाच हवं. सलाईनमधून पोटॅशियम दिलं, संध्याकाळी चालत घरी. मूळ कारण थायरॉइड वाढलेला. थायरॉइडचे औषधोपचार झाल्यावर पुन्हा एकदाही नाही. लग्नाला मात्र आता आई त्याच्या ताटाजवळच उभी असते.

तिखट_मीठ
म्हणजे केळी खायची ना रोज? पोटॅशियम असतं.

मेंदूचा_माळी
केळी खुशाल खा, पण पोटॅशियमचं सिरप मनाने कुणी पिऊ नका, जास्त झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात. या आजारात शक्यतो दोन्ही बाजू जातात आणि पाय आधी. आणि रक्त झटका चालू असतानाच घ्यावं लागतं, नंतर सगळं नॉर्मल दिसतं.

चौथीच्या_बाई
बापरे, दोन दिवसांत एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार, प्रत्येकाचा दोनदा वाचला. कृष्णाकाठचा, अण्णांना नमस्कार सांगा.

डॉक्टरसाहेब, तुमचे प्रश्न वहीत लिहून घेतले आणि रात्री यजमानांना घेऊन बसले. आठवायला गेल्यावर वेगळंच निघालं. सोऱ्या दाबवेना त्याच्या आधी, साधारण पंधरा मिनिटं, कढईकडे बघताना डोळ्यांपुढे एका बाजूला चमचमतं काहीतरी दिसत होतं, किल्ल्याच्या तटासारखी कंगोऱ्याची रेघ. मला वाटलं तेलाचा धूर डोळ्यात गेला. आणि बोटांना मुंग्या होत्या, त्या वर सरकल्या होत्या. फळ्यापाशी काय झालं ते नीट आठवत नाही, पण त्या दिवशी मी दुपारचा डबा न खाता डोकं टेकून बसले होते हे माझी सहकारी म्हणते. स्कूटीवर मात्र काही चमकलेलं आठवत नाही, ऊन होतं. माझ्या आईला अर्धशिशी होती. ती अंधाऱ्या खोलीत कपाळाला सुंठ उगाळून लावून पडायची, आम्ही भावंडं चपला हातात घेऊन घरात फिरायचो. पण तिचा हात कधी गेल्याचं आठवत नाही.

दोन्ही हातांचं बीपी आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरकडून घेतलं, सारखं आहे. स्कूटी दिराच्या मुलाला दिली आहे, एसटीने जाते. सकाळी साडेनऊची चुकली तर मात्र अडचण.

निळी_शाई
बाई, कंगोऱ्याची रेघ!!! मी वीस वर्षं तीच बघतेय. मला अर्धशिशीत उजवा हात जातो, कधी कधी बोलणंही. हेमिप्लेजिक मायग्रेन म्हणतात. आमच्याकडे काकाला आहे, मला आहे, भावाला नाही. मुंग्या बोटांतून निघून कोपरापर्यंत चढतात तेव्हा मला आता घड्याळ लावल्यासारखं कळतं की पुढे काय येणार. पण ते कळायला एमआरआय दोनदा, इईजी, सगळं व्हावं लागलं, आणि माझ्या डॉक्टरांनी बजावलं की अर्धशिशीच्या गोळ्यांतल्या काही गोळ्या, ट्रिप्टान गटातल्या, मला शक्यतो चालायच्या नाहीत. तेव्हा कुणाच्या सांगण्यावरून मेडिकलमधून काही आणू नका.

तुमचा मूळ प्रश्न जगायचं कसं हा होता ना, त्यावर कुणी फार लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, हे सगळं माझं घरचं आहे.

चहा गाळताना पातेलं उचलायचं नाही, डावाने गाळणीत घालायचं, वेळ लागतो पण अंगावर सांडत नाही. कढई मागच्या शेगडीवर. तळण एकटी असताना नाहीच. विळी माळ्यावर टाकली. काचेच्या बरण्या खालच्या फळीवर आणि रोज लागतं ते प्लॅस्टिकच्या डब्यात. ताटाखाली ओला पंचा पसरला की ताट सरकत नाही, एका हाताने पोळी लाटता येत नाही पण भात-आमटी खाता येते. मोबाईल उजव्या खिशात होता तो डाव्यात आणला, आणि आणीबाणीचा नंबर लॉक न उघडता लागेल असा ठेवला, डाव्या अंगठ्याने दोनदा करून बघितलं. पर्समध्ये एक चिठ्ठी, नाव, आजार, कुठल्या गोळ्या, कोणाला फोन. बोलता येत नाही तेव्हा ती चिठ्ठीच बोलते, एकदा लोकलमध्ये बोलली आहे. आणि डाव्या हाताने सही करायचा सराव. माझी सही आता दोन्ही हातांनी सारखीच वाईट येते असं मुलगी म्हणते.

रात्रीच्या भीतीचं, खरं सांगते, पहिलं वर्ष गेली नाही. मी झोपताना नवऱ्याचं मनगट धरून झोपायचे, म्हणजे पकड सुटली तर त्याला कळेल. त्याला काही कळायचं नाही, तो घोरायचा. पण मला झोप लागायची.

हातावर_मोजून
निळी_शाई, मनगटाचं वाचून डोळे भरले. मी बाळाचं झबलं मुठीत धरून झोपायचे.

लोकलची_खिडकी
शाळेत सांगायचं का यावर माझं मत, सांगा. माझी बहीणही शिक्षिका आहे. मुख्याध्यापकांना आणि शेजारच्या वर्गावरच्या बाईंना, दोघांनाच. वर्गात तुमच्यासोबत तीस मुलं असतात, तुम्हाला काही झालं तर धावणार तीच. त्यांना "बाईंचा हात झोपला की शेजारच्या वर्गातून बाईंना बोलवायचं" एवढं सांगितलं तर ती घाबरणार नाहीत, त्यांना कामगिरी मिळाल्यासारखं वाटेल.

दूरचा_दिवा
अवांतर: मुंबईत ज्यांना खाजगी परवडत नाही त्यांनी केईएमच्या न्यूरॉलॉजीत दाखवावं, गर्दी असते पण तपासतात मनापासून. माझ्या वडिलांना तिथेच बघितलं. जुने सगळे कागद तारखेप्रमाणे लावून न्या, निम्मं काम तिथेच होतं.

मेंदूचा_माळी
बाई, तुमची ताजी माहिती तुमच्या न्यूरॉलॉजिस्टसमोर जशीच्या तशी ठेवा, विशेषतः तिसरा झटका वेगळा होता हे. तो बाकीच्या दोघांत बसवायची घाई करू नका. आणि पुढच्या वेळी घरच्यांनी मोबाईलवर व्हिडिओ काढायचा, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा. दवाखान्यात पोचेपर्यंत हात बरा झालेला असतो, मग डॉक्टरला दाखवायला तुमच्याकडे शब्दांशिवाय काही उरत नाही.

चौथीच्या_बाई
दोन महिन्यांनी लिहितेय, वाट बघायला लावली.

मे महिन्यात चौथ्यांदा झालं. सकाळी, घरीच, कुरडयांचा चीक हाटत होते. आधी रेघ दिसली, यावेळी ओळखली. गॅस बंद केला आणि यजमानांना हाक मारली. त्यांनी व्हिडिओ काढला, त्यात त्यांचाच आवाज थरथरतोय, "हस, हस ना, आता हात वर कर", आणि मी हसतेय, डावा हात वर आहे, उजवा हळूहळू खाली येतोय. वेळ लिहिली, आठ वाजून दहा. तडक साताऱ्याला नेलं, सीटी झाला, अर्ध्या तासात एमआरआय, दोन्ही स्वच्छ. पोटॅशियम आणि साखर तिथेच तपासली, ठीक होती. साडेनऊला बोटं मिटायला लागली.

पुढच्या आठवड्यात पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तीनदा बघितला, मग आईची अर्धशिशी, रेघ, मुंग्या, सगळं विचारलं. इईजी नॉर्मल, होल्टर नॉर्मल. म्हणाले हेमिप्लेजिक मायग्रेनची शक्यता बरीच आहे, पण स्कूटीवरचा झटका त्यात नीट बसत नाही, म्हणून मी आज शिक्का मारणार नाही. अर्धशिशी कमी करणारी रोजची गोळी सुरू केली, तीन महिने वही ठेवायची आणि गाडी तोपर्यंत नाही. रेघ आधी आली आणि नेहमीसारखंच सरकत गेलं तर फोन करायचा, एकदम गेलं किंवा तोंड-पाय-बोलणं यात काहीही वेगळं वाटलं तर थांबायचं नाही, १०८. हे त्यांनी चिठ्ठीवर मराठीत लिहून दिलं, ते फ्रिजवर लावलंय.

"शिक्का मारणार नाही" ऐकून आधी वाईट वाटलं. पण त्यांनी कागद बाजूला ठेवला नाही.

शाळा सुरू झाली. वर्गात मुलांना सांगितलं तसं, लोकलची_खिडकी म्हणाल्या त्याप्रमाणे. आता शेजारच्या वर्गात निरोप द्यायला कोण जाणार यावरून भांडणं, म्हणून रोज एकाची पाळी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते. रोज तेवढं नाव मी डाव्या हाताने लिहिते. काल ज्याची पाळी होती तो म्हणाला, बाई, माझ्या नावातला ज्ञ चुकला, आणि उठून पुसून नीट काढून गेला.

निळी_शाई
कुरडया झाल्या का पण शेवटी?

चौथीच्या_बाई
झाल्या. सासूबाई आणि ह्यांनी मिळून घातल्या. थोड्या जाड आहेत.